भावाचा रिकामा टॅग पाठवू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता इथेच बसून व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात, म्हणून हे पत्र. केळीचा हिशोब, डाळमिलचा माल, गाडीची बिल्टी, हे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात एक्सएमएलने (प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, लावून लिहायची पद्धत) पाठवतात, आणि ऑब्जेक्टचं (प्रोग्राममधल्या नोंदीचं) एक्सएमएल करताना ज्या फील्डमध्ये (नोंदीतल्या रकान्यात) काहीच नाही तिचाही रिकामा टॅग बिनधास्त टाकून देतात.

समजा रावेरहून केळीची गाडी निघाली पण भाव अजून ठरायचाय. अशा वेळी भावाचा रिकामा टॅग गेला आणि स्कीमात, म्हणजे फाईलच्या ठरलेल्या नियमांत, भाव डेसिमल (दशांश आकडा) असला तर फाईल तिथेच अडकते, पण घेणारा प्रोग्राम ढिला असला तर तो सरळ शून्य धरतो आणि हे जास्त वाईट, कारण फाईल अडकली तर निदान कळतं तरी. शेतकऱ्याच्या हिशोबात असा शून्य भाव लागलेला मी बघितलाय, बिचाऱ्याला चकरा माराव्या लागल्या, फार वाईट वाटलं.

हे टाळणं अवघड नाही हो. जावा भाषेत ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणाऱ्या जॅक्सबीत नल (काहीच न भरलेली) फील्ड आपोआपच गळते, पण फॉर्ममधून आलेली कोरी जागा बहुतेक वेळा नल नसते, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असते, तिचा टॅग येतोच, म्हणून ती आधी नल करून घ्यायची. जावाच्याच जॅक्सन लायब्ररीत नॉन-एम्प्टी ही सेटिंग लावली की दोन्ही गळतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या एक्सएमएल-सिरियलायझरमध्ये नल स्ट्रिंग येत नाही, पण नल चालणारा डेसिमल असेल तर निल ट्रू (म्हणजे इथे काही नाही) लिहिलेला टॅग येतो, तो नको असेल तर टॅग लिहायचा की नाही हे ठरवणारी शुड-सिरियलाईझवाली मेथड लिहावी लागते.

पण म्हणून डोळे मिटून सगळंच गाळू नका. उचल शून्य म्हणजे शेतकऱ्याने उचल घेतलीच नाही, हा खरा आकडा आहे, तो गेलाच पाहिजे, आणि जॅक्सनला सगळीकडे नॉन-डिफॉल्ट ही सेटिंग लावून ठेवली तर तोही गळू शकतो. तसंच जुना मोबाईल नंबर पुसायचा असेल आणि टॅगच पाठवला नाही तर समोरचा प्रोग्राम जुनाच नंबर ठेवू शकतो, तिथे निल ट्रू मुद्दाम पाठवावं, फक्त स्कीमात ती फील्ड निलेबल (निल चालेल अशी) हवी. जी फील्ड गाळायची तिला स्कीमात मिनऑकर्स 0 लावायचं, म्हणजे ती नसली तरी चालते.

आपल्या भागातल्या कॉलेजच्या सर-मॅडमना कळकळीची विनंती आहे, प्रॅक्टिकलला नल, रिकामी स्ट्रिंग आणि शून्य ह्या तिघांचं एक्सएमएल पोरांकडून वेगवेगळं करून घ्या आणि ते समोरच्या प्रोग्रामला वाचायलाही लावा.

आपला,
एक प्रोग्रामर, सावदा