बाबांची विचारपूस कोण करणार?

महोदय,

बाळंतिणीच्या नैराश्याबद्दल आता निदान बोललं तरी जातं. नव्या बापाला मात्र कुणी विचारत नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. त्यानुसार पत्नीचं गरोदरपण ते बाळाचा पहिला वाढदिवस या काळात सुमारे १० टक्के वडिलांना नैराश्य येतं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. तोवर पाहुण्यांची वर्दळ ओसरलेली असते, जागरणं मात्र साचत गेलेली असतात.

असा बाप बहुधा रडत नाही, चिडतो. दुधाची बाटली उकळायची राहिली म्हणून बायकोवर खेकसतो, काम नसतानाही ऑफिसात उशिरापर्यंत बसून राहतो. घरच्यांना तो बेजबाबदार वाटतो. तो आजारी असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही!

तपासणी अवघड नाही. नैराश्य ओळखण्यासाठीची १९८७ मधली एडिनबर्ग प्रश्नावली अवघ्या १० प्रश्नांची आहे. ती मुळात आयांसाठी तयार झाली, पण वडिलांसाठीही वापरली जाते. बाळाला लस द्यायला आलेल्या बापाच्या हाती ती द्यायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे, समुपदेशकाकडे नवरा-बायकोने जोडीने जावं. एकाच्या नैराश्याचा दुसऱ्यावर परिणाम होतोच. जोडप्याचं समुपदेशन म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी, हा समज फार नुकसान करतो. नातं तुटायला आल्यावर नव्हे, भांडणं रोजची होऊ लागली की लगेच जावं. प्रसूतितज्ज्ञांनीच हे दोघांना समोर बसवून सांगितलं, तर कितीतरी जण ऐकतील.

– एक वाचक