ब्लॉकेज 75 टक्के, पण कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे थोरले बंधू सिन्नरला राहतात, वय 68. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि वहिनींना काय सांगायचे ते तोंडातून धड बाहेर पडेना. दहाएक मिनिटांत सगळे पूर्ववत. घरात निदानही झाले: पित्त! नशीब, फॅमिली डॉक्टर पित्तावर थांबले नाहीत. हा अर्धांगाचा इशारा असू शकतो, आत्ताच्या आत्ता नाशिक गाठा, म्हणाले.

मेंदूचे स्कॅन झाले, मग मानेचा डॉप्लर, म्हणजे नसेतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये डाव्या कॅरोटिडला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसेला, 75 टक्के ब्लॉकेज. मेंदूची डावी बाजू उजवा हात आणि बोलणे सांभाळते, म्हणजे खूण पटत होती. पुतणे ऑपरेशनच्या ॲडव्हान्सची जुळवाजुळव करू लागले. त्यातल्या एकाने ओळखीने दुसऱ्या सेंटरमध्ये तपासणी करवली. तिथे 50 टक्के. झाले! पहिल्याने ऑपरेशनसाठी आकडा फुगवला, असे घरात सगळेच बोलू लागले. मीही बोललो, खोटे कशाला सांगू.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर पहिल्यात टक्क्यांपुढे बारीक अक्षरात ‘एरिया’ होते आणि दुसऱ्यात ‘डायामीटर’. चार इंची पाइप आतून गंज धरून दोन इंची उरला, तर व्यास निम्म्याने घटतो, पण पाण्याला वाट उरते फक्त चौथाई. व्यासाने 50 टक्के, क्षेत्रफळाने 75. नस तीच, ब्लॉकेज तेवढेच, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही.

आता गंमत अशी की ऑपरेशनचा निकष व्यासावर बेतलेला आहे. उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली आले. इशारा मिळालेल्या आणि व्यासाने 70 ते 99 टक्के अरुंद झालेल्या रुग्णांत नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूच्या मेंदूचा झटका (अर्धांग) 26 टक्क्यांना आला, ऑपरेशन केलेल्यांत 9 टक्क्यांना. 50 ते 69 मध्ये फायदा असतो, पण बराच कमी. क्षेत्रफळाचे 75 हे व्यासाचे 75 समजून बसलो असतो, तर आमचे बंधू थेट पहिल्या गटात गेले असते.

सर्जननी दोन्ही टक्के बाजूला ठेवले आणि विचारले, “वेग किती?” नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, डॉप्लरही मुख्यतः त्या धारेचा वेग मोजतो आणि त्यावरून अरुंदपणा ठरवतात. पहिल्या रिपोर्टमध्ये वेगच नव्हता. म्हणून तिसरी तपासणी झाली. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली आम्ही दोघे म्हातारे नंबरची वाट पाहत बसलो होतो. आत गेल्यावर मानेवर गार जेली, मशीनमधून शूऽप शूऽप आवाज. डॉक्टर पडद्यावरची एक तिरकी रेघ पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. रेघेचा कोन 60 अंशांच्या आत हवा, चुकला की वेगही चुकतो, म्हणाल्या. आकडा निघाला सेकंदाला 160 सेंटीमीटर. साधारणपणे 125 च्या पुढे निम्म्याहून जास्त अरुंद आणि 230 च्या पुढे 70 टक्क्यांवर, असे धरतात.

पण नुसत्या वेगावरही जाऊ नये. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला की धार उडत नाही, थेंब थेंब गळते. नसही अगदी केसाएवढी उरली की वेग उलट पडतो, म्हणून चित्र आणि वेग दोन्ही लागतात. शंका असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे नसांचे सीटी स्कॅन, करतात. आमचीही केली, मेळ बसला. वय, मधुमेह, हृदय पाहून सर्जननी तूर्त औषधांवर ठेवले आहे. ॲडव्हान्स भरावा लागला नाही.

शहरातल्या रेडिओलॉजिस्टना माझी विनंती एवढीच की टक्के व्यासाचे की क्षेत्रफळाचे ते ठळक छापा आणि वेग लिहिल्याशिवाय रिपोर्ट देऊ नका. दोन ओळींचे काम आहे. आम्ही तिसऱ्यांदा पैसे भरले ते या दोन ओळींसाठी.

पुढचा डॉप्लर सहा महिन्यांनी आहे. दादाच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहून ठेवले आहे: ‘व्यासाने 50. वेग 160. कोन विचारणे.’ वहिनी म्हणतात, भाऊजी, हे तुमच्या पाइपलाइनचे रजिस्टर झाले.

– एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, इंदिरानगर, नाशिक