सगळे वीसच लिहितात

इंदूर, रविवार दुपार

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा मी फोन ठेवला तो रागाने नाही. बरं, थोडा रागानेच. नाईट करून आले होते, अंघोळही झाली नव्हती, आणि तू एका दमात नर्सिंग कॉलेजच्या तीन गोष्टी सांगून मोकळा झालास. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीत बॅक आली, पेपर पुन्हा द्यायचा. वॉर्डातले नातेवाईक "भैया, जरा ट्रॉली ले आओ" म्हणून हाका मारतात. आणि टीपीआर शीटवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, रेस्पिरेशन मोजायला वेळच नसतो, "सगळे वीसच लिहितात, आई." पहिल्या दोन्हींचं मला काही वाटलं नाही. तिसरं मात्र झोपू देईना. फोनवर आपण दोघं भांडतोच, म्हणून लिहिते आहे. पावसाने लाइट गेली आहे आणि बाबा झोपलेत, तेवढ्यात होईल.

तुला मी कधी सांगितलं नाही, आजीलाही माहीत नाही. 1993 सालची गोष्ट. मी ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आताच्या तुझ्याएवढीच. मेडिकल वॉर्ड, तीस खाटा आणि खाली जमिनीवर गाद्या घालून आणखी आठ-दहा पेशंट. त्या दिवसांत इंदुरातल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, हुकुमचंद मिल 1991 मध्येच बंद झाली होती, आणि वॉर्डात छातीचे पेशंट बरेच मिलमधलेच असायचे. उभा जन्म कापसाच्या धुळीत काढलेली माणसं. अकरा नंबरला असेच एक म्हातारे होते. मला "बाई" म्हणायचे, मराठी मुलगी म्हणून. दुपारी चारचे टीपीआर माझ्याकडे. टेम्परेचर घेतलं, नाडी घेतली, श्वास मोजला नाही. सगळ्यांचा 20 लिहिला, दोन-तिघांचा 18 लिहिला, खरं वाटावं म्हणून. हो, तेवढी अक्कल तेव्हाही होती.

सहाच्या सुमाराला स्टाफ सिस्टर राउंडला आल्या. केरळच्या होत्या, फार बोलायच्या नाहीत. अकरा नंबरपाशी थांबल्या, शीट बघितली, मला विचारलं, "मोजला होतास?" मी "हो" म्हटलं. त्यांनी म्हाताऱ्यांच्या छातीवर हात ठेवला आणि मिनिटभर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. 36. नाकपुड्या फुललेल्या, गळ्यापाशी खड्डा पडत होता, ओठ काळपट. एवढं सगळं चार वाजताही समोर असणार, मी त्यांच्या तोंडात थर्मामीटर धरून उभी होते आणि मला दिसलं नाही. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, रात्री त्यांना दुसरीकडे हलवलं. सिस्टर मला एक शब्द बोलल्या नाहीत. शीटवर चारच्या रकान्यात माझ्या अक्षरात 20 आणि सहाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात 36, एवढंच राहिलं. पुढे त्या म्हाताऱ्यांचं काय झालं मला कळलं नाही. आठवड्याने माझी पोस्टिंग बदलली आणि विचारायला जायची माझी हिंमत झाली नाही.

तर "सगळे लिहितात" हे मला सांगू नकोस. मीही त्या सगळ्यांतलीच होते.

कसं मोजायचं ते तुला शिकवलं असेल, पण वॉर्डात कसं जमतं ते ऐक. नाडी बघताना पेशंटचा हात त्याच्याच छातीवर ठेव. नाडी मोजून झाली की मनगट सोडू नकोस, त्याला वाटू दे अजून नाडीच चालली आहे. मग गुपचूप श्वास मोज, पूर्ण मिनिट. सांगून मोजलास तर माणूस श्वास बदलतो, ते त्याच्या हातात नसतं. मोठ्या माणसाचा 12 ते 20 असतो. माणूस खालावायला लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वासच बोलतो, आणि तोच आपण मनाने लिहितो. पाचव्या सेमिस्टरला लहान मुलं येतील तेव्हा हे आणखी कामाला येईल. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं 50, पाच वर्षांपर्यंतचं 40, की घाईचा श्वास समजायचा. तिथे वीस लिहिलंस तर कोणीही हसेल.

घाई आहे, पेशंट खूप आहेत, ट्युटर केअर प्लॅन मागतात, हे सगळं खरं आहे. नाहीच मोजता आलं तर रकाना रिकामा सोड आणि पुढच्या शिफ्टला चार्ज देताना तोंडाने सांग, अमक्याचा राहिला. ओरडा बसेल. बसू दे.

आता बॅक. ती निघते रे. पण कोणता विषय कधीपर्यंत निघायला हवा, त्यावाचून पुढे कुठे अडतं, हे सीनियरला न विचारता ऑफिसात जाऊन लेखी नियम वाच. सीनियर अर्धं ऐकीव सांगतात. हजेरीचं मात्र पक्कं लक्षात ठेव: परीक्षेला बसायला 80 टक्के, पण डिग्रीच्या आधी क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, शंभरच्या शंभर भरावं लागतं. म्हणजे आज बुडवलेली पोस्टिंग तुला कधीतरी भरायचीच आहे. आठवं सेमिस्टर सगळं इंटर्नशिपचं, तेव्हा मागचे खड्डे बुजवत बसलास तर रडशील. लॉगबुकवर सह्या त्याच दिवशी घे. आमच्या बॅचच्या मुली शेवटच्या आठवड्यात वही घेऊन वॉर्डावॉर्डात भीक मागत फिरायच्या.

फिजिओलॉजी पाठ करून तुझ्या डोक्यात राहणार नाही, तू माझ्यासारखाच आहेस. दिवसाला एक पेशंट धर. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपणारा, संध्याकाळी पाय सुजणारा कोणी असेलच वॉर्डात. आडवा झाला की का गुदमरतो, पायातलं पाणी येतं कुठून, त्याच्या लघवीच्या गोळीची वेळ सकाळची का, एवढंच त्या रात्री वाच. फार्माकॉलॉजीही तशीच कर, पुस्तकातली यादी घेऊन नको, त्याच्या औषधाच्या चिठ्ठीवरून.

आणि गणित. तुझं गणित चांगलं आहे असं तू समजतोस म्हणून सांगते. सलाईनच्या सेटच्या पाकिटावर एका मिलीत किती थेंब ते छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय थेंब लावू नकोस. वीसचा सेट असेल आणि 500 मिली सहा तासांत द्यायचं असेल तर मिनिटाला 28 थेंब येतात. बारीक थेंबांचा मायक्रो सेट साठचा. इन्सुलिनला तर दोनदा बघ. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची बाटलीही असते आणि 100 चीही, लाल टोपीची सिरिंज 40 ची, नारिंगी 100 ची. 40 च्या बाटलीला नारिंगी सिरिंज लावून वीसच्या खुणेपर्यंत ओढलंस तर आत आठच युनिट जातात. उलट झालं तर पन्नास. रात्री तीन वाजता लाल आणि नारिंगी एकसारखेच दिसतात, मी स्वतः फसता फसता वाचले आहे. केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, कोणीही कितीही घाई केली तरी थेट शिरेत ढकलायचं नाही, ते पातळ करून हळूच जातं. सांगणारा डॉक्टर असला तरी "सर, डायल्यूट करून?" एवढं विचारायला लाजू नकोस.

सुई टोचली तर लपवू नकोस. विद्यार्थी हमखास लपवतात, ट्युटर ओरडतील म्हणून. पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर तिचा उपयोग उरत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचा तुझा सहा महिन्यांचा तिसरा डोस झाला का? कार्डाचा फोटो पाठव. बाबा दोनदा विचारून गेले.

"भैया"चं सांगायचं तर, आमच्या इंदुरात तर रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे "भिया", तिथे भोपाळला तुला एवढं काय लागलं? मलाही "ए बाई, पंखा लगा दो" म्हणणारे अजून भेटतात. ट्रॉली आण. ढकलताना पेशंटचा चेहरा बघायला मिळतो, हात खाली लोंबकळतोय का, सलाईनमध्ये रक्त उलटं चढलंय का, ते ट्रॉली ढकलणाऱ्यालाच दिसतं. बेडपॅनचंही तेच. काळी शी झाली हे डॉक्टरला तूच सांगणार ना? आजी शेजारच्या काकूंना "नातू मेडिकलला आहे" म्हणून सांगते, नर्सिंग म्हणत नाही. मी दुरुस्त करणं सोडलं आहे. पुढे बाळंतपणाच्या वॉर्डात बायका तुला नको म्हणतील. वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे. विचारल्याशिवाय पदर सरकवायचा नाही, आणि सोबत एक सिस्टर असलीच पाहिजे.

एक राहिलंच. तिकडचे पेशंट "घबराहट हो रही है" म्हणतात, तेव्हा तो घाबरलाय असं समजून पाठीवर थोपटून पुढे जाऊ नकोस. छातीत दुखणं, दम लागणं, साखर उतरणं, सगळ्याला तो एकच शब्द असतो. नाडी, श्वास, बीपी, ग्लुकोमीटर, आणि मग धीर दे.

माझं जुनं घड्याळ पाठवणार होते, पण ते बंदच पडलंय आणि राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्याने हात वर केले. साधंच नवीन घेतलं आहे, सेकंदाचा काटा मोठा आहे, मोबाइल वॉर्डात काढायला लागू नये म्हणून. लवंग सेवेच्या डब्याखाली रुमालात गुंडाळलंय. जिरावणाची पुडी वेगळी बांधली आहे, पोह्यांवर घाल, भोपाळच्या मेसचे पोहे तू सांगतोस तसले असतील तर दुप्पट घाल. डबा परत आण, आजीचा आहे.

तुझी,
आई