पश्या, क्रोम सोडून फायरफॉक्स काहून?

त्रिमूर्ती नगर, नागपूर

प्रिय पश्या,

फोनवर तू म्हटलं, "क्रोम चांगलं चालून राहिलं ना, मंग काहून बदलतो बे?" कूलरच्या आवाजात धड बोलता आलं नाही, म्हणून क्रोम सोडून फायरफॉक्स हे ब्राउझर काहून घेतलं, ते लिहून राहिलो.

बुकमार्क फायरफॉक्सनं क्रोममधून उचलून आणले, त्यात डोकं लावावं लागलं नाही. आवडलं ते वेगळंच. शिकवणीचं जीमेल वेगळं, घरचं वेगळं, हे तुला माहीत आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच कंटेनरचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकला. शिकवणीच्या टॅबला निळी रेघ, घरच्याला हिरवी. दोघांच्या कुकीज, म्हणजे कोण लॉगिन आहे हे साइटला ओळखू देणाऱ्या नोंदी, वेगळ्या, म्हणून एकाच खिडकीत दोन्ही खाती बाजूबाजूला उघडी. लॉगआउट-लॉगिनची कटकट गेली. बाबांना एफ९ हे बटण दाखवलं. मराठी बातमी उघडायची, एफ९ दाबायचं, की जाहिराती आणि हलणारे फोटो गायब, नुसता मजकूर, अक्षर पाहिजे तेवढं मोठं. सगळ्याच पानांवर होत नाही, बातम्यांवर बहुतेक होतं. मेन्यूही मराठीत करून दिला, तर बाबा खूश.

जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही इथं पूर्ण ताकदीनं चालतं, अँड्रॉइडवरसुद्धा. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिकडे ते बंद पडलं.

आता तू म्हणशील, मंग एज घे, ब्रेव्ह घे. अबे, ते सारे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोम ज्या कोडवर बनतं त्यावरच, उभे आहेत! ऑपेरा ब्राउझरनं २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर उभं करणारा गाभा, सोडलं, २०२० मध्ये एजही तिकडेच गेलं. सफारी ॲपलवाल्यांपुरती. विंडोजवर मोठ्या ब्राउझरांमध्ये वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्सचं गेको, बस. नेटस्केप या जुन्या ब्राउझरवाल्यांनी १९९८ मध्ये आपला कोड सगळ्यांना पाहायला-वापरायला खुला केला, त्यातून मोझिला निघालं आणि २००४ मध्ये फायरफॉक्स १.०. तेव्हा जिकडेतिकडे इंटरनेट एक्सप्लोररच होतं, साइटवाले तेवढ्यातच तपासायचे, बाकीच्यांचं मोडलं तर मोडलं. आता क्रोमचं तेच होऊन राहिलं. परवाच एका फॉर्मची साइट "क्रोम वापरा" म्हणून अडून बसली. तेवढ्यासाठी क्रोम काढलेलं नाही.

एक गोष्ट मला खटकते. मोझिलाची बहुतेक कमाई गूगलकडूनच येते, फायरफॉक्समध्ये शोधायला आधीपासून गूगलच लावून ठेवण्याचे पैसे. ज्याच्याशी टक्कर, त्याच्याच खिशातून पगार! हे किती दिवस चालेल, देव जाणे. पण कोड खुला आहे, उद्या मोझिलानं हात वर केले तरी दुसऱ्या कोणाला तो उचलून पुढे नेता येतो. क्रोमियमचाही कोड खुलाच आहे म्हणा, पण तिथं कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे मुख्यतः गूगलच ठरवतं.

दिवाळीत येशील तेव्हा लॅपटॉप आण, बसून टाकून देतो. पोहे तुझ्याकडून. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या