एलिस 'सकारात्मक विचार' शिकवत नव्हते

महोदय,

२४ जुलै हा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांचा स्मृतिदिन. २००७ साली, वयाच्या ९३व्या वर्षी, ते न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. त्यांची आठवण निघाली की 'सकारात्मक विचार करायला शिकवणारा माणूस' असं सर्रास म्हटलं जातं. त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत, म्हणजे मनाला खचवणारी समजूत तपासून बदलण्याची रीत, शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे फार खटकतं, कारण त्यांनी शिकवलं ते जवळपास याच्या उलट.

समजा, मनापासून हवी असलेली नोकरी हुकली आणि माणूस खचला. नवखा समुपदेशक लगेच घटनेला हात घालतो : दुसरी मिळेल, याहून चांगली मिळेल. त्या माणसाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पुढचा नकार आला की पुन्हा तेच, कारण मुळातली समजूत जागची हललेलीच नसते. एलिस मुद्दाम वाईटात वाईट गृहीत धरायला लावत : तशी नोकरी कधीच मिळाली नाही असं धरू, मग? तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर येते : 'ती मला मिळायलाच हवी होती, मिळाली नाही म्हणजे मी कुचकामी.' आता उलटतपासणी करायची ती या वाक्याची. याला पुरावा काय? मला हवी होती, एवढ्यावरून ती मिळालीच पाहिजे हे कसं ठरतं? आणि असं धरून बसल्याने माझं काही भलं होतंय का?

यातून जे उरतं ते गोडगोड नसतं. 'मिळावी अशी फार इच्छा होती, नाही मिळाली, वाईट झालं. पण माझी इच्छा जगाने पुरवली पाहिजे असा नियम नाही आणि एका नकारावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरत नाही.' दुःख राहतं, ते राहू द्यायचं असतं. जातं ते खचलेपण. प्रशिक्षणार्थी इथेच सर्वाधिक चुकतात : भावना शून्यावर आणायला जातात, आणि समोरच्याला वाटतं की याला माझं नुकसान कळलंच नाही.

दुसरी अडचण म्हणजे वाक्य बरोबर, पण म्हणणं मिळमिळीत. म्हणून एलिस उलटतपासणी मोठ्याने, ठासून करून टेपवर घ्यायला सांगत. ती परत ऐकताना शब्दांपेक्षा आवाजातला जोर तपासायचा. शिवाय कृतीचा गृहपाठ असेच. लाज वाटते म्हणून टाळलेली गोष्ट चारचौघांत करायची. त्यांचं नेहमीचं उदाहरण भुयारी रेल्वेच्या डब्यात स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारण्याचं. यात कुणाला त्रास होता कामा नये, स्वतःची नोकरी धोक्यात येता कामा नये. डब्यातले लोक वळून बघतात त्या क्षणी 'हे हसले तरी मी कमी ठरत नाही' हे मनाशी घोळवत तिथेच थांबायचं. गंमत म्हणून उरकून पळ काढला तर हाती काही लागत नाही.

शिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण दिसलं ते शुक्रवारी संध्याकाळच्या कार्यशाळांत. १९६५ पासून कित्येक दशकं ते त्या घेत राहिले. श्रोत्यांतून कुणीतरी स्वतःहून पुढे येई, आपली अडचण सांगे आणि एलिस सगळ्यांसमोर तिच्यावर काम करत. नंतर श्रोते प्रश्न विचारत. बंद दाराआडचं कौशल्य असं उघड्यावर, पाहणाऱ्याला चुकाही दिसतील अशा रीतीने मांडायला शिक्षकाजवळ मोठी हिंमत लागते.

त्यांचा फटकळपणा आणि शिवराळ भाषाही प्रसिद्ध होती. काही अनुयायी नेमकी तीच उचलतात. पण तो कठोरपणा समजुतीवर होता, माणसावर नव्हता. माणसाचा स्वीकार विनाअट होता. तो नसेल तर उलटतपासणी हा नुसता वाद होतो आणि माणूस पुढच्या वेळी येत नाही. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत त्याच्याशी तर आधी वाद घालायचाच नाही. त्याची सुरक्षितता आणि मनोविकारतज्ज्ञांची मदत पाहायची.

आपल्या पुरवणीत एलिस यांच्यावर लेख आला तर 'सकारात्मक विचार' हे शब्द गाळून वर दिल्यासारखं एखादं उदाहरण पूर्ण छापावं, ही विनंती.

– विवेकनिष्ठ मानसोपचाराचे काही प्रशिक्षक