त्या एका खुर्चीसाठी

ताई,

त्या मंगळवारी निघताना मी काउंटरपाशी येऊन तुमचे आभार मानले, तेव्हा तुम्ही ग्लास पुसत होतात. "त्यात काय एवढं," म्हणालात आणि पुढच्या माणसाची ऑर्डर घ्यायला वळलात. त्यात केवढं होतं ते मला तिथे सांगता आलं नाही. गळा दाटून आला होता आणि मागे लोक खोळंबले होते. तीन आठवडे झाले, अजून ते आठवलं की डोळे भरून येतात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुमचं नाव लिहीत नाही, पबचंही नाही. तुम्हाला न विचारता लिहिणं मला पटत नाही. वाचलंत तर ओळखालच.

आमचा क्लब आकाश बघणाऱ्यांचा आहे. अमावास्येच्या आसपास दुर्बिणी घेऊन अंधारी जागा गाठायची आणि पौर्णिमेजवळच्या एखाद्या मंगळवारी नुसतं गप्पांना भेटायचं, असा आमचा शिरस्ता. पौर्णिमेला चांदणं इतकं लख्ख असतं की अंधुक तेजोमेघ, दीर्घिका काही दिसत नाही, मग दुर्बीण काढून उपयोग काय? नवीन माणसाला वाटतं, खरं काम ते अमावास्येचं आणि ही पबमधली बैठक म्हणजे आपली मौज. तसं नाही. निरीक्षणाच्या रात्री आम्ही लाल टॉर्चच्या मिणमिणत्या उजेडात वावरतो, पांढरा दिवा लावायला बंदी. एकमेकांना ओळखायचं ते आवाजावरून. तोंडं दिसतात ती फक्त या बैठकीत. आमच्या काकांसाठी या गोष्टीला काय मोल आहे, ते मला फार उशिरा कळलं.

काका म्हणजे क्लब सुरू करणारे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्यांनी चार माणसं गोळा केली, ती अजून पांगलेली नाहीत. गेली काही वर्षं त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ती असूनही गर्दीत त्यांना फारसं कळत नाही. यंत्र आवाज वाढवतं, तो शेजारच्या माणसाचा वाढतो तसा पलीकडच्या टेबलावरच्या हसण्याचाही वाढतो. उरलेलं ते ओठांवरून ताडतात. अंधारात ओठ कुठले दिसायला! म्हणजे त्यांच्यासाठी क्लब म्हणजे हीच बैठक, महिन्यातला हा एक मंगळवार. आणि दोन वर्षं आम्ही त्यांना अशा जागी बसवत होतो जिथे ते फक्त हसत होते.

पबच कशाला, असं आमच्यातल्याही काहींनी विचारलं होतं. पब म्हटलं की कान फाटणारं संगीत नि लुकलुकते दिवे डोळ्यांसमोर येतात, हे खरं. पण त्या शब्दाच्या मुळाशी आहे 'पब्लिक हाऊस', सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. कुणाच्या घरी भेटलं की एक जण यजमान होतो, बाकीचे पाहुणे होतात आणि यजमानाच्या घरच्यांना त्रास. हॉल घेतला की वेळ संपली म्हणून कुणीतरी किल्ल्या वाजवत दारात उभं राहतं. पबमध्ये कुणी यजमान नाही. उशिरा आलात तरी चालतं, अर्ध्यातून उठलात तरी कुणाचा अपमान होत नाही, न पिणाराही त्याच टेबलाशी तितक्याच हक्कानं बसतो. मी तर कमिटीत लंडनचं उदाहरण दिलं होतं. १२ जानेवारी १८२० रोजी तिथल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये चौदा जण जेवायला जमले आणि त्या टेबलावर खगोलशास्त्रीय संस्था जन्माला आली, जी पुढे रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी झाली. तिचे पहिले अध्यक्ष विल्यम हर्शेल, युरेनस शोधणारे. त्याच टॅव्हर्नमध्ये १८०७ साली जिऑलॉजिकल सोसायटी सुरू झाली होती आणि १८६३ साली फुटबॉल असोसिएशनची पहिली सभाही तिथेच भरली. तारे, दगड आणि फुटबॉल, तिन्ही एकाच छपराखाली! माणसं नीट बसून बोलू शकतील अशी जागा मिळाली की काय उभं राहू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण ती जागा मिळायला हवी ना. पहिल्या पबनं आतली खोली "दर महिन्याला तुमचीच" म्हणून कबूल केली आणि तिसऱ्याच महिन्यात आम्ही पोचलो तर आत कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे. एक फोन करता आला नसता का? दुसरीकडे भिंतभर पडदा आणि त्यावर सामना. आवाज थोडा कमी कराल का म्हणून विचारलं तर काउंटरवरच्या माणसानं आमच्या टेबलावरचे ग्लास मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही घेता तरी किती?" तो प्रश्न मला अजून टोचतो. आमच्यातले चार जण पीत नाहीत, पण सरबतं, कॉफी, खाणं सगळं मागवत होतो आणि बिल कधी थकवलं नव्हतं. तिसऱ्या जागेबद्दल काय सांगू? स्वच्छतागृह तळघरात, चौदा अरुंद पायऱ्या उतरून. संधिवातानं गुडघे धरलेल्या आमच्या एक बाई तिथे तीन तास पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. आम्ही विचारलं तेव्हा मॅनेजरनं खांदे उडवले.

आमचंही चुकलंच. जागा ठरवताना आम्ही पार्किंग बघितलं, शेवटची गाडी किती वाजता ते बघितलं, टेबलं जोडता येतात का ते बघितलं. "इथे ऐकू येतं का?" हे कुणी विचारलं नाही. काका हसतायत, मान डोलावतायत, म्हणजे मजेत आहेत, असं आम्ही धरून चाललो. मी क्लबची सचिव. ते बघणं माझं काम होतं.

तुमच्याकडे जागा बघायला मी दुपारी तीनला आले होते. पब रिकामा, सुंदर शांतता, मी जवळजवळ हो म्हणूनच टाकलं. तुम्हीच म्हणालात, "आत्ता बघून ठरवू नका. दुपारी सगळे पब शांतच असतात. तुमच्या वाराला, तुमच्या वेळेला येऊन एकदा बसा." बुकिंग हातात आलेलं असताना असं सांगणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी येऊन बसले. गर्दी बेताची, जाड पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, बुटकं छत. काचा नि फरशी असलेल्या त्या दुसऱ्या पबसारखा आवाज भिंतीवर आपटून परत येत नव्हता. तेवढं मला कळलं. पुढचं तुम्हाला कळलं.

पहिल्या बैठकीला आम्ही दहा जण होतो. टेबलं जोडून लांबलचक पंगत केली, काका नेहमीप्रमाणे टोकाला, पाठ हॉलकडे, डोक्यावर स्पीकर. तुम्ही ऑर्डर घ्यायला आलात आणि काकांना विचारलंत, "काका, तुम्ही काय घेणार?" काका गोड हसले आणि म्हणाले, "हो, हो."

टेबलावर थोडी खसखस पिकली. आमच्यातलाच एक जण सवयीनं म्हणाला, "त्यांना कॉफी आणा." दर वेळी असंच व्हायचं. त्यांची ऑर्डर आम्ही द्यायचो.

तुम्ही हसला नाहीत. कॉफीही लिहून घेतली नाहीत. वही एप्रनच्या खिशात टाकलीत, पंगतीला वळसा घालून पलीकडे गेलात आणि कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढून भिंतीला टेकवलीत. मग काकांच्या समोर आलात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला वाकलात, हातानं ती खुर्ची दाखवलीत आणि ओरडून नाही, हळू नि स्वच्छ म्हणालात, "काका, इथे बसता का? इथून सगळे दिसतील." काकांनी तुमच्या तोंडाकडे बघितलं. मग खुर्चीकडे. उठले. त्यांची पिशवी तुम्ही उचललीत. ते बसल्यावर टेबलावरचा छोटा दिवा तुम्ही त्यांच्याकडून काढून आमच्या बाजूला सरकवलात. मला वाटलं, अहो, म्हाताऱ्या माणसालाच उजेड हवा ना? मग लक्षात आलं की उजेड आमच्या तोंडांवर हवा होता, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. जाता जाता त्या बाजूचा स्पीकर बंद केलात. आणि परत येऊन पुन्हा विचारलंत, "आता सांगा, काय घेणार?"

"लिंबू सोडा," काका म्हणाले. "कॉफीनं मला झोप येत नाही."

दोन वर्षं आम्ही त्यांना कॉफी पाजत होतो, ताई.

तुम्हाला कसं कळलं, हे मी नंतर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझे बाबाही असेच हसतात. न ऐकता हसणारं माणूस मला लांबून ओळखू येतं." हे वाक्य मी घरी आल्या आल्या लिहून ठेवलं.

त्यानंतर मी थोडं वाचलं. १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवलेली गोष्ट आहे की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. म्हणजे एक टेबल बोलतं म्हणून दुसरं चढवतं, दुसऱ्यामुळे तिसरं, आणि तासाभरात सगळा पब ओरडत असतो, कुणाच्या मनात नसताना. तुमचा तो एक स्पीकर बंद झाल्यावर आमचं अख्खं टेबल हळू बोलायला लागलं, ते यामुळे. पाठीशी भिंत असली की मागून येणारा गलका तुटतो. लांब पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचेतो विरतात, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. म्हणून या खेपेला टेबलं आम्ही चौकोनी लावणार आहोत. आणि ओरडून बोललं की ओठांचा आकार बिघडतो, उलट कमी कळतं. आम्ही तर काकांच्या कानाशी जाऊन ओरडायचो, प्रेमानं. हे सगळं पुस्तकात आहे, पण तुम्ही ते पुस्तकातून शिकला नव्हतात. घरातल्या एका माणसाकडे नीट बघून शिकला होतात आणि दुसऱ्याच्या घरच्या माणसासाठी वापरलंत. मदत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. न विचारता, न बोलबाला करता, समोरच्याला ओशाळं न वाटू देता करणारी थोडी. तुम्ही "यांना ऐकू येत नाही वाटतं" असं एकदाही म्हणाला नाहीत. बसण्याची जागा बदलली, माणसाची लाज राखली. ज्यांच्या दारी "ग्राहक देवो भव"ची पाटी असते त्यांनी तुमच्या टेबलाशी एक संध्याकाळ येऊन बसावं.

त्या रात्री काका बोलले. १९८६ च्या फेब्रुवारीत हॅले सूर्याला अगदी जवळ आला तेव्हा नेमका तो सूर्याच्या पलीकडे होता, म्हणून ती फेरी फिकी गेली. लोक आकाशभर शेपटी बघायला आले आणि कापसाच्या बोळ्याएवढा धूसर ठिपका बघून वैतागून परत गेले. "चार जण थांबले," काका म्हणाले. "त्या ठिपक्याकडेही तासभर बघत बसले. म्हटलं, यांना घेऊन क्लब काढावा." हा किस्सा आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा ऐकला. एका पोरानं विचारलं, पुन्हा कधी येणार? काकांनी त्याचे ओठ वाचले, मध्ये कुणाला पडावं लागलं नाही. "२०६१," म्हणाले. "तू बघशील. माझ्या वतीनंही बघ."

आता ती पिशवी. तुम्ही उचललीत ना, कापडाची, जड लागली असेल. त्यात क्लबची पहिली नोंदवही होती, १९८६ पासूनची, त्यांच्या अक्षरातली. ती त्या रात्री माझ्या हाती देऊन ते निरोप घेणार होते. पुढच्या महिन्यापासून येणार नव्हते. हे मला त्यांच्या सुनेनं चार दिवसांनी फोनवर सांगितलं. तुम्ही खुर्ची ओढलीत तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच आठवतं की निघताना पायरीवर ते थांबले, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "पुढल्या वेळी मी जरा लवकर येईन. कोपरा जायला नको."

पौर्णिमा जवळ आली आहे. येत्या मंगळवारी आम्ही अकरा जण येतोय. टेबलं आम्ही लावून घेऊ, तुम्ही धावपळ करू नका. काका अर्धा तास आधीच पोचतील, नोंदवही घेऊन. तुम्हाला त्यातलं हॅलेचं पान दाखवायचं आहे म्हणाले. हाताला दोन मिनिटं सवड झाली तर त्यांच्या समोर बसा.

तुमची,
क्लबची सचिव