शहाबादी फरशी उखडायला लावणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण विषय बदलता आणि चहाचे विचारता, म्हणून हे पत्र सर्वांच्या देखत लिहीत आहे. गिरणारे ते त्र्यंबकेश्वर या पावसाळी पट्ट्यात आमच्यासारखे जे कोणी शेतावर एखाददुसरे घोडे बाळगून असतील, त्यांनाही आपण आम्हाला शिकवलेले कळावे, ही त्यामागची दुसरी इच्छा.

तीन वर्षांपूर्वी येवल्याच्या घोडेबाजारातून आम्ही चांदणी आणि तिचे सात महिन्यांचे शिंगरू घेऊन आलो, तेव्हा चरायला दीड एकर पडीक रान, भोवती काटेरी तार आणि घरामागे पत्र्याची शेड एवढ्यावर घोडी सुखात राहतील अशी आमची समजूत होती. श्रावणातल्या एका रात्री शिंगरू बिथरून तारेत शिरले आणि त्याच्यामागे धावलेल्या चांदणीचा पुढचा पाय गुडघ्याखाली फाटला. मी हळदीचा डबा घेऊन धावले होते. आपण बांधावरून बॅटरी घेऊन आलात, डबा माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलात आणि जखमेवर फक्त स्वच्छ गार पाण्याची धार धरायला सांगितलीत. घोड्याच्या जातीला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, डॉक्टर येऊन सुई देईपर्यंत जखमेत काहीही भरायचे नाही, हे आपण त्या रात्री सांगितले नसते तर आम्ही काय करून बसलो असतो, याचा विचार आजही नकोसा वाटतो. डॉक्टर येईपर्यंत आपण तिच्या मानेवर हात ठेवून उभे होता. नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी टांगा हाकण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्या हातांची ओळख चांदणीला आमच्याआधी पटली.

खरे ऋण मात्र त्यानंतरचे आहे. जखम भरत आली तरी ती लंगडत होती, आणि आम्ही सगळे जखमेकडेच पाहत होतो. आपण तिचा दुसरा पाय उचललात आणि खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग दाखवलात. तो काळा पडून सडला होता आणि त्याला दुर्गंधी येत होती. मग आपण शेडमध्ये वाकून जमिनीवर तळहात टेकवलात. तिथे आम्ही मोठ्या हौसेने शहाबादी फरशी बसवली होती, कारण ती धुवायला सोपी. त्या फरशीवर मूत साचत होते, ओल हटत नव्हती, आणि उठताना घोडीचे पाय घसरत होते. डॉक्टरांनी सांगितलेले मोरचुदाचे पाणी लावून खूर सुधारेल, पण जमीन तीच राहिली तर पुढच्या आषाढात पुन्हा सडेल, असे आपण स्पष्ट सांगितलेत. पैसे घालून केलेले काम स्वतःच्या हाताने उखडणे आम्हाला फार जड गेले. आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन आलात.

ते काम आपण एकट्याने चार दिवसांत उरकू शकला असता. त्याऐवजी आपण गव्हाणीवर बसून राहिलात आणि आम्हा नवराबायकोकडून ते बारा दिवस करून घेतलेत, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सुतळीला तीन, चार आणि पाच फुटांच्या बाजू होतील अशा गाठी मारून काटकोन कसा धरायचा, पाण्याच्या नळीने उतार कसा काढायचा, हे आम्ही तिथे शिकलो. प्रत्येक ठाण, म्हणजे एका घोड्याची जागा, बारा फूट बाय बारा फूट. खाली दगडांचा थर, त्यावर खडी, त्यावर मुरूम. मुरमाचा प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकायचा आणि दहा फुटांना तीन इंच उतार बाहेरच्या चराकडे द्यायचा. शेडची उघडी बाजू आम्ही पश्चिमेला ठेवली होती, म्हणजे पावसाची झड सरळ आत येत होती. आपण त्या बाजूला बांबूचा कूड घालायला लावलात आणि पूर्वेची भिंत काढायला लावलीत. एका जागी उतार उलटा गेला तेव्हा आपण बादलीभर पाणी ओतून आम्हाला नुसते पाहायला सांगितलेत. पाणी आमच्या पायाशी आले आणि तो भाग आम्ही पुन्हा खणला.

कुंपणाचे कामही असेच झाले. शेजारच्या मोडलेल्या द्राक्षबागेतले लोखंडी अँगल आणि साधी तार आपण स्वस्तात मिळवून दिलीत, आणि ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या तारेवर ओवायची युक्ती सांगितलीत. त्यामुळे तार कातडीला कापत नाही आणि नजरेला जाड दिसते. अँगलच्या धारदार टोकांवर टायरचे तुकडे बसवले, तारेला पांढऱ्या चिंध्या बांधल्या. शिंगरू त्यानंतर एकदाही कुंपणात शिरलेले नाही.

आता दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून केलेली पाण्याची कुंडी, तिच्या काठावर चिरून बसवलेला पाइप, डोंगरी गवत जमिनीपासून दोन फूट उंच ठेवणारी बांबूची माच हे सगळे आम्ही आपल्याला न विचारता केले. गवताला बुरशीचा वास आला तर ते घोड्यांपुढे टाकायचे नाही, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि पोटशूळ उठला तर जीवावर बेतते, हे आपले बोल आमची सातवीतली मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. रोज संध्याकाळी चारही खूर कोरण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. गेले दोन पावसाळे चांदणीचे खूर कोरडे आणि टणक राहिले.

आपण मजुरी घेतली नाहीत. दिवाळीला आणलेले धोतरही परत पाठवलेत, त्याचे मला त्या वेळी वाईट वाटले होते. म्हणून एकच विनंती करते. यंदा दसऱ्याला घोड्यांची पूजा आपल्या हातून व्हावी, आणि त्याच दिवशी आम्ही नव्याने बसवलेल्या फाटकाचा ओळंबा आपण एकदा पाहून द्यावा; बिजागरीकडे ते किंचित झुकते आहे असे मला वाटते, आमच्या ह्यांना तसे वाटत नाही. आपला पितळी ओळंबा खुंटीला टांगून ठेवला आहे.

आपली कृतज्ञ,
चांदणीच्या घरची धाकटी सूनबाई